मामावर गेलेलं डोकं

केस कापून झाले की कारागीर मानेमागे छोटा आरसा धरतो आणि विचारतो, "बरोबर आहे ना, साहेब?" आपण न पाहताच मान डोलावतो. गेल्या वर्षी माझ्या भाच्यानं त्या आरशात पहिल्यांदा नीट पाहिलं. भोवऱ्याच्या जागी दहाच्या नाण्याएवढी टाळू चमकत होती. वय चोवीस, नोकरी हिंजवडीत, घरात नुकताच स्थळांचा विषय निघालेला. त्या रात्री मला व्हॉट्सॲपवर डोक्याचा फोटो आला आणि खाली एक ओळ: "मामा, हे तुझ्याकडून आलंय म्हणे."

म्हणणारी अर्थात माझी बहीण. मी स्वतः पंचविशीत कपाळाची हद्द गमावून बसलेला माणूस. आता चाळिशी उलटलीय आणि घरात कंगवा कुठे असतो हे मला ठाऊक नाही. आरोप नाकारायला तोंड नव्हतं. पण तो कितपत खरा आहे, आणि खरा असला तरी पोरानं आता करायचं काय, हे शोधायला बसलो. वीस वर्षांपूर्वी माझ्यासाठी हे कोणी केलं नव्हतं. तेव्हा मी जे जे केलं, म्हणजे पुड्या, तेलं, एका क्लिनिकचं सहा महिन्यांचं पॅकेज, त्याचा हिशेब मांडत नाही. एवढंच सांगतो, की त्यातली एकही गोष्ट पुढे उपचार म्हणून येणार नाही.

आधी आरोपाचा निकाल लावतो. पुरुषी संप्रेरकांना प्रतिसाद देणारं एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलाला एक्स मिळतो तो फक्त आईकडून. म्हणून "मामावर गेलाय" या म्हणण्यात तथ्य आहे. पण गणित करून पाहिलं तर आईच्या वडिलांकडचं ते जनुक नातवापर्यंत पोचण्याची शक्यता निम्मी, आणि आजीकडून येऊन ते मामाच्या जनुकाशी जुळण्याची शक्यता जेमतेम पाव. बोट दाखवायचंच तर आजोबांच्या तसबिरीकडे दाखवावं. त्यातही हा हिशेब एका जनुकाचा. २०१७ साली ब्रिटनमधल्या सुमारे ५२ हजार पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात टक्कलाशी संबंध असलेल्या २८७ जागा जनुकांच्या नकाशावर सापडल्या. त्यांतल्या एक्सवर फक्त ४०. उरलेल्या आई आणि बाप दोघांकडूनही येतात. आमच्या घरातल्या चर्चेत भाऊजींच्या डोक्याकडे मात्र कोणी पाहिलं नव्हतं. जावयाचं डोकं कोण मोजणार?

वारसा एकटा पुरत नाही, त्याला संप्रेरकाची साथ लागते. पौगंडावस्थेपूर्वी खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही हे ॲरिस्टॉटललाही माहीत होतं. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये त्याची रीतसर तपासणी केली. अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिलं तेव्हा ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांचेच केस मागे हटू लागले. बाकीच्यांचे शाबूत राहिले. औषध थांबवल्यावर गळती थांबली, पण गेलेले केस परत आले नाहीत. या शेवटच्या वाक्यापाशी वाचकानं जरा थांबावं. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

कपाळाचे कोपरे आणि भोवरा इथल्या केसांच्या मुळांत एक विकर टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करतं. डॉक्टर त्याला डीएचटी म्हणतात. ज्या मुळांना त्याचं वावडं आहे ती दर फेरीला थोडी आक्रसतात. केसाचं आयुष्य फेऱ्यांचं असतं: दोन ते सहा वर्षं वाढायचं, तीनेक महिने थांबायचं, गळायचं, पुन्हा उगवायचं. आक्रसलेल्या मुळातून पुढच्या खेपेला उगवणारा केस बारीक आणि आखूड असतो, त्याच्या पुढचा आणखी बारीक, आणि शेवटी उरते ती लव. म्हणजे टक्कल पडतं तेव्हा केस गळून संपत नाहीत, ते लवेत उतरतात. डोक्यावर लाखभर केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर पडणं हा नित्यक्रम आहे, त्यामुळे मोरीच्या जाळीवरचे केस मोजून टक्कलाचं भविष्य कळत नाही. पाहायचं ते डोक्यावर: जाड केसांच्या शेजारी किती बारीक केस उभे आहेत. आणि "ज्याच्यात पुरुषत्व जास्त त्याला टक्कल" हे समाधानही सोडून द्यावं लागतं. टकल्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन इतरांएवढंच असतं, फक्त त्याच्या मुळांना ते सोसत नाही.

पण हे सगळं पुरुषी पद्धतीच्या टक्कलाबद्दल झालं. समोर आलेला तरुण त्याच वाटेवर आहे का, हा पहिला प्रश्न, आणि घाईत तोच राहून जातो. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन, किंवा लग्नाआधी दोन महिन्यांत बारा किलो उतरवणारं डाएट, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस जातात. सगळ्या डोक्यावरून सारखे जातात, माणूस घाबरून जातो, आणि काही महिन्यांत बहुतेक आपोआप परत येतात. त्या काळात ज्यानं जे लावलं असेल त्याला श्रेय मिळतं. तेलांच्या जाहिरातींतली कित्येक खरी प्रशस्तिपत्रं इथली असणार, असा मला दाट संशय आहे. चाई पडते तेव्हा गोल, गुळगुळीत चट्टा होतो. तो शरीराच्या प्रतिकारशक्तीनंच स्वतःच्या केसांवर केलेला हल्ला असतो आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे. आयुर्वेदातही खालित्य आणि इंद्रलुप्त हे वेगळे विकार सांगितले आहेत. जुन्या वैद्यांनाही "केस गेले" एवढ्यावर औषध द्यायचं नव्हतं.

निदानाआधी उपचार सुरू झाले की काय होतं, याचं आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. २०२४ संपता संपता आणि २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले. आधी खाज, मग गळती, आणि तीन-चार दिवसांत डोकं मोकळं. पुरुष, बायका, मुलं, कोणीच सुटलं नाही. वाहिन्यांनी त्याला "टक्कल व्हायरस" असं नाव देऊन टाकलं. कोणी शाम्पूवर संशय घेतला, कोणी पाण्यावर. आरोग्य खात्याची पथकं आली, पाण्याचे नमुने गेले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे शास्त्रज्ञ येऊन गेले. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि घरातला रेशनचा गहू तपासून घेतला आणि निष्कर्ष मांडला, की परराज्यातून आलेल्या त्या गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर होतं. गहू बंद केलेल्या काहींच्या डोक्यावर पाच-सहा आठवड्यांत केस दिसू लागले, असंही त्यांनी नोंदवलं. त्या गावांतल्या एखाद्या बावीस वर्षांच्या मुलानं शहरात येऊन केसगळतीचं पॅकेज घेतलं असतं, तर सहा आठवड्यांनी त्यानं त्या पॅकेजची आरती केली असती.

बावसकरांचं नाव महाराष्ट्राला आधीपासून माहीत आहे ते विंचूदंशामुळे. प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी विंचवाच्या विषावर वापरलं आणि कोकणातले कित्येक जीव वाचले. टक्कलावरचं पहिलं खरं औषधही असंच रक्तदाबाच्या फडताळातून आलं. मिनॉक्सिडिलची गोळी अमेरिकेत १९७९ मध्ये न आटोपणाऱ्या रक्तदाबासाठी मंजूर झाली. रुग्णांचा दाब उतरला आणि कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढले. अपजॉन कंपनीनं त्याचं द्रावण करून डोक्यावर लावून पाहिलं, आणि १९८८ मध्ये दोन टक्क्यांचं द्रावण टक्कलासाठी बाजारात आलं. पाच टक्क्यांचं पुढे आलं. तेच आज औषधाच्या दुकानात सर्वांत जास्त मागितलं जातं.

ते नेमकं कसं काम करतं याचा उलगडा अजून अर्धामुर्धाच झालेला आहे. केसाची वाढीची फेरी लांबते आणि आक्रसलेलं मूळ थोडं फुगतं, इतकं दिसतं. डीएचटीशी त्याचं देणंघेणं नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हे खत आहे, किडीचा बंदोबस्त यात नाही. शिवाय मुळात एक विशिष्ट विकर असेल तरच औषध कामाला लागतं, आणि काहींच्या मुळांत ते कमी असतं, म्हणून काही जणांना ते लावून काहीच होत नाही. दिवसातून दोनदा, एक-एक मिली, केसांना नव्हे तर कातडीला लावायचं. पहिल्या महिना-दोन महिन्यांत उलट जास्त केस गळतात, कारण थांबलेले जुने केस नव्यांना जागा करून देतात. बरेच लोक इथेच बाटली फेकतात. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि बंद केलं की काही महिन्यांत कमावलेलं सगळं जातं. घरात मांजर असेल तर विशेष सांभाळावं: हे औषध मांजरांना विषासारखं आहे, उशीवर लागलेलं चाटलं तरी.

अलीकडे कमी मात्रेची मिनॉक्सिडिलची गोळी डॉक्टर देऊ लागले आहेत. द्रावणाचा चिकटपणा नाही, म्हणून पोरांना ती आवडते. पण टक्कलासाठी तिला रीतसर मान्यता नाही. अंगभर केस वाढणं, पाय सुजणं, छाती धडधडणं हे तिचे संभाव्य त्रास, आणि हृदयाची तक्रार असलेल्यानं तर विचारपूर्वकच घ्यावी. २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या एका चाचणीत पाच मिलिग्रॅमची गोळी पाच टक्क्यांच्या द्रावणापेक्षा सरस ठरली नाही. गोळी म्हणजे जास्त जोरदार औषध, ही समजूत त्यामुळे थोडी खाली उतरते.

किडीच्या बंदोबस्ताची गोष्ट कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास नावाच्या खेड्यातून सुरू होते. तिथे काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची आणि वयात येताना त्यांची शरीरं पुरुषांची व्हायची. अमेरिकी डॉक्टर ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये त्याचं कारण प्रसिद्ध केलं: टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं विकर या लोकांत जन्मतःच अपुरं होतं. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहायची आणि टक्कल पडायचं नाही. मर्क कंपनीनं या निरीक्षणाचा माग काढत ते विकर अडवणारं औषध बनवलं, फिनास्टेराइड. आधी १९९२ मध्ये पाच मिलिग्रॅमची गोळी, म्हाताऱ्यांच्या प्रोस्टेटसाठी. मग डिसेंबर १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमची, तरुणांच्या डोक्यासाठी. ती रक्तातलं डीएचटी साधारण सत्तर टक्क्यांनी खाली आणते.

तिच्यामागचा पुरावा या विषयातला सर्वांत भक्कम आहे. १८ ते ४१ वयाच्या १,५५३ पुरुषांवरच्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. दोन वर्षांनी ठरावीक जागेतले केस मोजले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांचे केस सुरुवातीपेक्षा कमी झालेले नव्हते. साखरेची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के. हे आकडे नीट वाचावेत. यश कशाला म्हटलंय? कमी न होण्याला. काहींना नवे केस आले, भोवऱ्यावर जास्त, कपाळावर कमी. पण गोळीचा खरा गुण राखणदारीचा आहे.

टक्कलाच्या सगळ्या बाजारात हा एकच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो, असं मला वाटतं. तरुण येतो तो गेलेले केस मागायला. वैद्यकाकडे आहे ते मुख्यतः असलेले टिकवण्याचं साधन. जाहिरात मधल्या फटीत उभी राहते. तेवीस-चोविसाव्या वर्षी, भोवरा नुकता उघडा पडतो तेव्हा, टिकवण्यासारखं पुष्कळ असतं, पण तेव्हा कोणी डॉक्टरकडे जात नाही. तिशीत जातो, तेव्हा त्याला परत आणायचं असतं.

आता गोळीची दुसरी बाजू, जिच्यामुळे भाच्यानं मला रात्री दीड वाजता फोन केला होता. लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी होणं. मूळ चाचण्यांत असा एखादा तरी त्रास गोळीवाल्यांपैकी ३.८ टक्क्यांना झाला आणि साखरेच्या गोळीवाल्यांपैकी २.१ टक्क्यांना. बहुतेकांचा औषध थांबवल्यावर गेला. पण काहींनी सांगितलं, की थांबवूनही गेला नाही. त्या तक्रारी साचत गेल्या आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तसा उल्लेख माहितीपत्रकात घालायला लावला. नैराश्याचा उल्लेख आधीच आला होता. मे २०२५ मध्ये युरोपीय औषध नियामकाच्या समितीनं आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. किती जणांना होतो हे आकड्यात सांगता आलेलं नाही, पण इशारा अधिकृत आहे.

याच्या शेजारी एक इटालियन प्रयोग ठेवून पाहावा. २००७ मध्ये प्रोस्टेटच्या रुग्णांना हीच गोळी पाच मिलिग्रॅमची दिली. निम्म्यांना लैंगिक त्रासाची शक्यता आधी सांगितली, निम्म्यांना नाही. सांगितलेल्यांपैकी ४३.६ टक्क्यांनी त्रास झाल्याचं सांगितलं, न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांनी. भीतीचाही डोस असतो. यावरून "सगळं मनाचंच आहे" असं म्हणणारे डॉक्टर मला भेटलेत आणि "गोळी म्हणजे विष" म्हणणारी पोरंही. दोघांनीही अर्धाच कागद वाचलेला असतो. ज्याला आधीच नैराश्याचा त्रास आहे किंवा होऊन गेलाय, त्यानं ही गोळी टाळावी किंवा मानसोपचारतज्ज्ञाला विचारूनच घ्यावी, असं माझं मत. बाकीच्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, घरच्या एका तरी माणसाला सांगून सुरू करावी, म्हणजे मूड बदलला तर दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात येईल. मूल हवं असेल तर डॉक्टरांना तेही सांगावं, कारण काहींची शुक्राणूंची संख्या घटते आणि औषध थांबवल्यावर सुधारते. गरोदर बाईनं फुटलेल्या गोळीला हात लावू नये. आणि पन्नाशीनंतर प्रोस्टेटची पीएसए चाचणी करताना गोळी चालू असल्याचं सांगावं, नाहीतर आकडा निम्मा दिसतो आणि खोटा दिलासा मिळतो.

ड्युटास्टेराइड हे याच घराण्यातलं थोरलं भावंड. डीएचटी नव्वद टक्क्यांहून जास्त उतरवतं आणि शरीरातून जायला महिनोन्‌महिने घेतं. दक्षिण कोरियानं २००९ मध्ये आणि जपाननं २०१५ मध्ये टक्कलासाठी त्याला मान्यता दिली. पहिल्या पायरीला त्याची गरज नसते.

व्यायामशाळेत जाणाऱ्या पोरांचा एक प्रश्न हमखास येतो: क्रिएटिननं टक्कल पडतं का? २००९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वीस रग्बी खेळाडूंवरच्या छोट्या प्रयोगात क्रिएटिनच्या जादा मात्रेनंतर आठवड्यात डीएचटी ५६ टक्क्यांनी वाढलं होतं. त्या प्रयोगात केस कोणी मोजलेच नव्हते. सगळी अफवा एवढ्या एका कागदावर उभी आहे. स्टेरॉइडच्या इंजेक्शनांची गोष्ट मात्र वेगळी: ज्याच्या नशिबात टक्कल आहे त्याला ती तिथे लवकर पोचवतात.

सुयांचा उपचार आपल्या मुंबईतून जगभर गेला. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी शंभर पुरुषांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नुसतं मिनॉक्सिडिल, दुसऱ्याला त्यासोबत आठवड्यातून एकदा बारीक सुयांचा रूळ डोक्यावर फिरवणं. बारा आठवड्यांनी ठरावीक जागेतले केस पहिल्या गटात सरासरी २२ नं वाढले, दुसऱ्यात ९१ नं. प्रयोग छोटा आणि अल्पकाळाचा होता, पण त्यानंतर जगात ठिकठिकाणी तो करून पाहिला गेला. त्यातून ऑनलाइन दुकानांत दोनशे रुपयांचे रूळ आले. बाथरूमच्या फडताळात उघडा पडलेला रूळ डोक्यावर फिरवणं आणि निर्जंतुक सुयांनी दवाखान्यात करणं यांत जो फरक आहे, तो किमतीत बरोबर दिसतो.

स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग डोक्यात टोचण्याला पीआरपी म्हणतात. काही अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत नाही, आणि प्रत्येक दवाखान्याची रक्त फिरवायची रीत निराळी. गोळी आणि द्रावण नीट करून झाल्यावर, पैसे असतील तर. बायोटिनच्या गोळ्यांचा उपयोग ज्याला बायोटिन कमी आहे त्यालाच, आणि असा माणूस विरळा. उलट त्या थायरॉइड आणि हृदयाच्या रक्तचाचण्यांचे आकडे बिघडवतात.

तेलावर बोललो नाही तर बहीण रागावेल. माका, जास्वंद, आवळा घालून कढवलेलं तेल आमच्या आईनं जन्मभर लावलं. तेलाचा गुण खरा आहे, पण तो केसाच्या दांड्यापुरता. मॅरिको कंपनीच्या मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं, की खोबरेल केसात शिरतं आणि धुताना-विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. सूर्यफुलाच्या तेलानं ते होत नाही. पण दांडा हा आधीच मेलेला भाग. टक्कलाचा खेळ मुळाशी चालतो आणि तिथे डीएचटीला तेलाची भीती वाटत नाही. आपल्या औषध नियमांत शेड्यूल जे नावाची एक यादी आहे: ज्या आजारांवर "बरं करतो" असा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही अशांची. टक्कल त्या यादीत आहे. आता बसस्टॉपवरच्या जाहिराती पुन्हा एकदा वाचाव्यात.

उरलं रोपण. जपानमध्ये ओकुदा यांनी १९३९ मध्ये आणि न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९च्या सुमारास जे दाखवलं त्यावर हा सगळा धंदा उभा आहे: मागच्या बाजूचं मूळ पुढे आणून लावलं तरी ते मागचाच स्वभाव ठेवतं, डीएचटीला जुमानत नाही. म्हणून लावलेला केस टिकतो. नवा केस मात्र कोणी तयार करत नाही, जागा बदलते इतकंच. मागची दाटी म्हणजे मुदत ठेव, आणि ती आयुष्यभरासाठी एकच.

बावीस वर्षांच्या मुलाला रोपणाची घाई करू नये असं जाणते डॉक्टर सांगतात ते याच हिशेबानं. त्याला हवी असते सतरा वर्षांच्या वयातली कपाळाची रेघ. ती कोरून दिली, हजारो मुळं तिथे खर्च झाली, आणि पुढच्या दहा वर्षांत मागचे स्वतःचे केस सरकत गेले, की पुढे केसांचं एक बेट आणि मागे मैदान असा नकाशा तयार होतो. तो बुजवायला ठेवीत काही उरलेलं नसतं. म्हणून आधी औषधानं गळती थांबवायची, एखाद-दोन वर्षं वाट पाहायची, टक्कल कुठवर जाणार याचा अंदाज आला की मगच. लग्नाची तारीख धरून रोपण करणाऱ्यांना हेही माहीत नसतं, की लावलेले केस पहिल्या महिन्यात गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात, आणि पूर्ण चित्र वर्षानं दिसतं. हळदीच्या फोटोत नेमकं सर्वांत वाईट डोकं यायचं.

ही शस्त्रक्रिया आहे, पार्लरमधलं काम नव्हे. रोपणानंतर झालेल्या एका मृत्यूचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं स्पष्ट केलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून कोणी केसरोपण करू शकत नाही, त्यासाठी रीतसर शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण लागतं. दवाखान्यात विचारायचा प्रश्न म्हणून अगदी साधा: चीर कोण देणार, मुळं कोण काढणार? डॉक्टर फक्त रेघ आखून जाणार असतील तर आपणही जावं. आणि सरकारच्या लेखी हे काय आहे तेही कळून घ्यावं: जीएसटीच्या नियमांत आरोग्यसेवेला जी सूट आहे, तिच्या व्याख्येतून केसरोपण नाव घेऊन वगळलेलं आहे. अपघातानं किंवा जन्मजात दोषानं करावं लागलं तरच ते आरोग्यात मोडतं.

काहीच न करणं हाही पर्याय आहे आणि तो मी निवडला, जरी निवडला म्हणण्यापेक्षा उरला म्हणणं खरं. नोव्हेंबर २०१९ मध्ये आठवड्याच्या अंतरानं दोन हिंदी सिनेमे आले, "उजडा चमन" आणि "बाला", दोन्हींचे नायक टकले होऊ लागलेले तरुण. पहिला तर "ओंदु मोट्टेय कथे" या २०१७ च्या कन्नड सिनेमावरून केलेला. लोक हसले. पण कांदेपोह्यांच्या वेळी समोरच्या मावशी आपल्या कपाळाच्या वर नजर नेतात, तेव्हाच्या त्या अर्ध्या सेकंदाचं काय होतं हे बसलेल्यालाच कळतं. त्या मुलाला "टक्कल म्हणजे पैसा" ऐकवू नये. त्याला त्रास होतोय तर तो खराच आहे. मशीन शून्यावर लावून डोकं साफ करणं हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि विरळ केसांची बट इकडून तिकडे ओढण्यापेक्षा कितीतरी देखणा. दाढी असेल तर सोन्याहून पिवळं.

भाच्याला मी काही सांगितलं नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडे सोबत गेलो. बाईंनी डर्मोस्कोप लावून स्क्रीनवर त्याची टाळू दाखवली: जाड केसांच्या मधे मधे बारीक केसांची गर्दी. निदानाला पाच मिनिटं लागली, पुढचं बोलणं अर्धा तास. त्याला नैराश्य होतं का, लग्न केव्हा, मूल केव्हा, रोज दोनदा काहीतरी डोक्याला लावायची चिकाटी आहे का. शेवटच्या प्रश्नाला त्यानं प्रामाणिकपणे नाही म्हटलं. मग फिनास्टेराइड ठरलं, वर्षभरानं पुन्हा विचार. आणि एक अट: दर महिन्याच्या एक तारखेला त्याच बाथरूममध्ये, त्याच ट्यूबलाइटखाली, कोरड्या केसांचा फोटो.

गेल्या महिन्यात सहावा फोटो आला. पहिला आणि सहावा शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत बसलो. फरक काही सापडेना. डॉक्टरांना पाठवला, त्या म्हणाल्या, "छान चाललंय." बहिणीला हे बिलकुल पटलेलं नाही. सहा महिने गोळ्या खाऊन डोकं होतं तसंच? तिनं माक्याच्या तेलाची मोठी बाटली करून पाठवली. भाचा ती माझ्याकडे ठेवून गेलाय.